'रु' आला की काय गायचं?

योनेझु केन्शीचं 'लेमन' २०१८ साली आलं आणि जपानमधल्या कराओकेच्या खोल्यांत ठाण मांडून बसलं. 'अननॅचरल' नावाच्या टीव्ही मालिकेसाठी केलेलं हे गाणं गेलेल्या माणसाच्या आठवणीचं आहे. तरीही मित्रांच्या गोतावळ्यात, समोर बर्फ घातलेले पेले ठेवून, माणसं ते डोळे मिटून गातात. कराओकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या याद्यांत ते वर्षानुवर्षं वरच्या जागा धरून राहिलं. पण एक खेळ असा आहे की त्यात हे गाणं लावणारा जागच्या जागी बाद होतो. सूर कितीही पक्का असो, उपयोग नाही. गाण्याचं नाव 'न्'वर संपतं आणि 'न्'ने सुरू होणारा शब्द जपानीत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

खेळाचं नाव शिरितोरी. जपानी मुलं तो अक्षरओळख होण्याच्या वयापासून खेळतात. गाडीत, आगगाडीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही. एकाने 'साकुरा' म्हणायचं. दुसऱ्याने 'रा'वरून 'राकुदा' म्हणजे उंट, तिसऱ्याने 'दा'वरून 'दारुमा' ही गोल बाहुली, चौथ्याने 'मा'वरून 'मादो' म्हणजे खिडकी. फक्त नामं चालतात, एकदा आलेला शब्द पुन्हा चालत नाही आणि 'न्'वर संपणारा शब्द तोंडातून निघाला की डाव खलास. शब्दांची अशी साखळी गुंफण्याची हौस जपानमध्ये जुनी आहे. एका ओळीच्या शेवटच्या अक्षरावरून पुढची ओळ उचलणाऱ्या रचना दरबारी काळात होत असत आणि एदो काळात रस्त्यावरच्या मुलांच्या तोंडी अशी साखळीगाणी होती. कराओकेत हाच खेळ गाण्यांच्या नावांवर चालतो. आधीच्या गाण्याच्या नावाचं शेवटचं अक्षर हे पुढच्या गाण्याच्या नावाचं पहिलं अक्षर. फक्त नाव सुचून भागत नाही. ते गाणं यंत्रावर लावून, हातात माईक घेऊन गावं लागतं.

मराठी वाचकाला इथे गाण्याच्या भेंड्या आठवणारच. आठवाव्यातच, कारण फरक तिथेच कळतो. आपल्याकडे अक्षर निघतं ते गाण्याच्या ओळीतून, आणि कुठे थांबायचं हे गाणाऱ्याच्या हातात असतं. मुरलेला खेळाडू मुद्दाम 'ठ'वर किंवा 'ढ'वर आणून सोडतो आणि समोरच्यांवर भेंडी चढवतो. जपानी खेळात ही चलाखी नाही. नाव पडद्यावर उमटलं की पुढचं अक्षर साऱ्या खोलीला कळतं, आणि आधीचा गात असतो ती चारेक मिनिटं पुढच्याला विचार करायला मिळतात. (ज्याची पाळी पुढची, तो चालू गाणं कधीच नीट ऐकत नाही. या खेळातला सर्वांत दुर्लक्षित माणूस म्हणजे गाणारा.) दुसरा फरक मला जास्त बोलका वाटतो. 'ळ'ने किंवा 'ण'ने शब्द सुरू होत नाहीत ही अडचण मराठीतही आहेच. पण आपण 'ळ'ला 'ल' आणि 'ण'ला 'न' चालवून घेतो आणि गाणं पुढे नेतो. जपान्यांनी त्याच अडचणीतून खेळाचा फास बनवला. 'न्'ला सवलत दिली असती तर शिरितोरी कधी संपलीच नसती.

या फासात सापडलेली गाणी पाहिली की गंमत वाटते. जपानमध्ये आजवर सर्वाधिक खपलेली सिंगल तबकडी 'ओयोगे! ताइयाकी-कुन' ही आहे. मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातलं हे गाणं १९७५च्या नाताळात बाजारात आलं आणि त्याच्या ४५ लाखांवर प्रती खपल्या. ताइयाकी म्हणजे माशाच्या साच्यात भाजलेला, आत आझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण भरलेला खाऊ. रोज तव्यावर भाजून घ्यायला कंटाळलेला एक ताइयाकी समुद्रात पळून जातो, अशी ती गोष्ट. देशातलं सर्वांत खपाऊ गाणं, पण नावाच्या शेवटी 'कुन' आहे, म्हणजे 'न्' आहे, म्हणजे बाद. स्पित्झ या बँडला घराघरांत नेणारं 'रोबिन्सन' (१९९५) बाद. मॉर्निंग मुसुमेचं 'लव्ह मशीन' (१९९९) लावल्यावर खोलीतलं कुणी बसून राहत नाही, तेही बाद. आणि आपल्या पोरांचा लाडका डोरेमॉन? त्याचं जपानी नाव दोराएमोन. होशिनो गेनने २०१८च्या चित्रपटासाठी केलेल्या गाण्याचं नाव नुसतं 'दोराएमोन', त्यामुळे बाद. पण १९७९च्या मालिकेतलं जुनं गाणं 'दोराएमोन नो उता', म्हणजे 'दोराएमोनचं गाणं', 'ता'वर संपतं आणि सुखरूप सुटतं. अन्पानमान या पावाच्या डोक्याच्या बालवीराचंही तसंच. तो स्वतः 'न्'वर पडतो, पण गाण्याच्या नावात शेवटी 'माची' म्हणजे मार्च असल्याने वाचतो. मुलांच्या गाण्यांना शेपूट लावणाऱ्या अनाम कारकुनांचे शिरितोरीवाल्यांवर असे उपकार आहेत.

'न्' टाळता येतो. खरी डोकेदुखी 'रु'ची.

जपानी वाक्यात क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं. मूळ रूपातलं क्रियापद नेहमी उकारान्त असतं आणि त्यातल्या फार मोठ्या गटाच्या शेवटी 'रु' येतो. गाण्याचं नाव वाक्यासारखं असलं की 'रु' हजर. योआसोबीचं २०१९चं 'योरु नि काकेरु' घ्या, रात्रीत धाव घेणारं. त्यात भर इंग्रजीची. जपानीत 'ल' नाही आणि 'न्' सोडला तर शब्द व्यंजनावर संपत नाही, त्यामुळे इंग्रजीतला अखेरचा 'ल' जपानी तोंडात 'रु' होतो. योआसोबीचंच 'आइदोरु' (२०२३) म्हणजे आयडॉल. ऑफिशियल हिगे दान्दिझमचं 'साबुताइतोरु' (२०२२) म्हणजे सबटायटल. अशा तऱ्हेने देशी व्याकरण आणि परदेशी शब्द दोघेही 'रु'च्या दारात माणसं आणून सोडतात. आता दाराच्या पलीकडे पाहिलं तर खोली जवळजवळ रिकामी. अस्सल जुन्या जपानी शब्दांची सुरुवात 'र'च्या ओळीतल्या अक्षराने होतच नसे. आज 'रा', 'रि', 'रु', 'रे', 'रो'ने सुरू होणारे जे शब्द आहेत, ते चीनहून आले किंवा पुढे युरोपातून. त्यातही 'रु'ची थैली सर्वांत हलकी. समोरच्याला सारखा 'रु' देत राहायचं या डावपेचाला 'रु-झेमे' म्हणतात, रुचा मारा. साध्या शिरितोरीत तो जाणूनबुजून करतात; गाण्यांच्या शिरितोरीत तो आपोआप होतो.

म्हणून कराओकेत शिरितोरी खेळणारा माणूस 'रु'ची दोन-तीन गाणी खिशात ठेवूनच जातो. ती सगळी परदेशी नावाची निघतात, आणि तसंच असणार. रुबी, रूज, रुपान. आराई युमीचं १९७५चं 'रूजु नो देन्गोन' पटकन आठवतं, कारण मियाझाकी हायाओच्या 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस'मध्ये (१९८९) ती छोटी चेटकीण झाडूवर बसून निघते तेव्हा ते वाजतं. आजची मुलंही ते गातात. लिपस्टिकने लिहिलेला निरोप असा नावाचा अर्थ. 'रु' मिळाला म्हणून आनंदाने ते लावायला जावं, तर निरोपाचा 'देन्गोन' नेमका 'न्'वर आपटतो. खेळातला हा सर्वांत देखणा सापळा आहे. खोलीतल्या कुणीतरी तो पाहिलेला असतो आणि तो गप्प बसतो.

वाचवणारं गाणं दुसरं. तेराओ अकिराचं 'रुबी नो युबिवा', माणकाची अंगठी, १९८१. 'वा'वर संपतं. टीबीएसवरच्या 'द बेस्ट टेन' या लोकप्रिय कार्यक्रमात ते सलग १२ आठवडे पहिलं होतं आणि त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कारही त्यालाच मिळाला. तेराओला आपल्याकडचे फिल्म सोसायटीवाले वेगळ्या कारणाने ओळखतात. कुरोसावाच्या 'रान'मधला थोरला मुलगा तो आणि 'ड्रीम्स'मध्ये स्वप्नास्वप्नांतून चालत जाणारा टोपीवालाही तोच. गाणं त्याने खालच्या पट्टीत, पुटपुटल्यासारखं म्हटलं आहे. गळा नसलेल्यांनाही ते झेपतं, ही त्याची आणखी एक सोय.

'रु'खालोखाल 'इ' येतो. जपानी विशेषणं 'इ'वर संपतात, 'मला अमुक हवंसं वाटतं' हे सांगणारं रूपही 'ताइ'वर संपतं. पण 'इ'ने सुरू होणारी गाणी भरपूर. यामागुचि मोमोएचं 'इइ हि ताबिदाचि' (१९७८), नाकाजिमा मियुकीचं 'इतो', सदर्न ऑल स्टार्सचं 'इतोशि नो एरी' (१९७९), जे पुढे रे चार्ल्सने इंग्रजीत गायलं. त्यामुळे 'इ' आला की कुणी दचकत नाही. मग 'ते' आणि 'दे': 'डोळे मिटून', 'हरू नकोस' अशा अर्धवट सोडलेल्या वाक्यांची नावं जपानी गीतकारांना भारी आवडतात. हिराई केनचं 'हितोमि ओ तोजिते' (२००४) 'ते'वर सोडतं, झार्दचं 'माकेनाइदे' (१९९३) 'दे'वर. म्हणजे गाण्यांची नावं हजारो, पण शेवटची अक्षरं मूठभर. हिंदी अंताक्षरीत सारखा 'ह' का येतो ते आपल्याला माहीत आहे. ओळीच्या शेवटी 'है' बसलेला असतो. क्रियापद शेवटाला नेणाऱ्या भाषांच्या नशिबी हे आहेच. एका अर्थाने या खेळात गाणी व्याकरणच निवडतं आणि माणसं नुसती गातात.

गाणं शोधायचं कसं? आज प्रत्येक खोलीत हातात धरायची एक पाटी असते. दाइइचि कोशो कंपनीच्या 'डॅम' यंत्राबरोबर 'देन्मोकु', जॉयसाउंडबरोबर 'क्योकुनाबी'. पाटीवर पहिलं अक्षर टोचलं की त्या अक्षराची गाणी ओळीने येतात. पूर्वी त्या जागी जाडजूड पुस्तक असायचं, टेलिफोन डिरेक्टरीएवढं, आणि त्यात गाणी जपानी अक्षरक्रमाने लावलेली असायची. हा अक्षरक्रम मराठी माणसाने एकदा म्हणून पाहावा. आधी स्वर: अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतो ना? सिद्धम् लिपी आणि संस्कृत उच्चार शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातून ही मांडणी जपानमध्ये रुजली. 'च'च्या जागी 'स' बसला आणि 'प'च्या जागी 'ह', कारण आजचा 'ह' जुन्या काळी 'प'च्या जवळचा होता. आपली बाराखडी ओळीने म्हणू शकणारा माणूस टोकियोतल्या कराओकेच्या पुस्तकात बोट ठेवून 'य'नंतर 'र'चं पान अचूक काढेल. आणि 'न्'? तो या साऱ्या क्रमाच्या अगदी शेवटी, कुठल्याच ओळीत न बसणारा, एकटा.

यंत्राची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती अनेकदा सांगून झाली आहे. कोबेच्या मद्यालयांत गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करणाऱ्या इनोउए दाइसुकेला एका कंपनीच्या मालकाने सहलीला साथीला बोलावलं. त्याला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने साथ टेपवर भरून दिली. त्यातून १९७१ साली गाडीतला टेप, अँप्लिफायर, माईक आणि नाणी टाकायची पेटी जोडून त्याने ११ यंत्रं केली आणि मद्यालयांना भाड्याने दिली. पेटंट घेतलं नाही. त्याच्याही आधी, १९६७ साली, नेगिशि शिगेइचिने टोकियोत 'स्पार्को बॉक्स' नावाचं असंच यंत्र केलं होतं. त्यानेही पेटंट घेतलं नाही. नेगिशि २०२४मध्ये शंभर वर्षांचा होऊन गेला. इनोउएला २००४ साली शांततेचं इग्नोबेल मिळालं, माणसांना एकमेकांना सहन करायची नवी रीत शिकवल्याबद्दल.

शिरितोरीच्या दृष्टीने मात्र पुढचे दोन टप्पे महत्त्वाचे. पहिला १९८५चा. मालवाहतुकीच्या जुन्या कंटेनरात यंत्र बसवून फक्त गाण्यासाठीची बंद खोली ओकायामा भागात सुरू झाली, असं म्हणतात. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जाणाऱ्यांना ओकायामा हे नाव परकं नाही. ती बाग तिथल्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेली आहे. गाण्यावर जीव टाकणाऱ्या पुलंच्या नावाची बाग आणि कराओकेच्या खोलीचं माहेर यांचं असं नातं निघावं, हे त्यांना नक्की रुचलं असतं. मद्यालयात माईक अनोळखी माणसांत फिरतो, तिथे खेळ जमत नाही. बंद खोलीत फक्त आपली माणसं असतात. तिथे 'रु' आला म्हणून ओरडता येतं. दुसरा टप्पा १९९२चा. तोवर गाणी टेपवर आणि लेसरडिस्कवर असत, म्हणजे मद्यालयाच्या मांडणीवर मावतील तेवढीच. १९९२पासून ती टेलिफोनच्या तारेतून येऊ लागली. गाण्यांची संख्या फुगत फुगत लाखांच्या घरात गेली. कुणाला न आठवणारं एखादं जुनं गाणंही 'रु'ने सुरू होत असेल, तर ते आता खोलीत हजर असतं.

आता प्रत्यक्ष डाव. समजा, एका कचेरीतली माणसं जेवण आटोपून 'निजिकाई'ला, म्हणजे दुसऱ्या बैठकीला, कराओकेत आली आहेत. निवृत्तीला टेकलेले साहेब आहेत, चाळिशीतल्या एकदोघी आहेत, मार्चमध्ये पदवी घेऊन एप्रिलमध्ये लागलेलं एक पोर आहे. साहेबांनी 'रिंगो नो उता' लावलं. सफरचंदाचं हे गाणं युद्ध संपताच १९४५च्या एका चित्रपटात आलं आणि नामिकि मिचिकोच्या आवाजातली तबकडी पुढच्या जानेवारीत निघाली. साहेबांनीही ते आईकडूनच ऐकलेलं असणार. शेवट 'ता'. चाळिशीतल्या बाईंनी ओदा काझुमासाचं 'ताशिका ना कोतो' घेतलं. 'तो'वर पोराने चक्क १९४८चं 'तोक्यो बुगिउगि' लावलं. जुनं गाणं त्याला कसं ठाऊक? कासागि शिझुकोच्या आयुष्यावरची एनएचकेची सकाळची मालिका २०२३मध्ये लागली, तिच्या कृपेने. 'गि' आला. 'गि'ला 'कि' चालतं असं आधी ठरलं होतं, म्हणून सेन मासाओचं 'कितागुनि नो हारु' (१९७७), उत्तरेच्या मुलखातला वसंत. पडद्यावर नाव उमटताच सगळ्यांनी कपाळावर हात मारला, कारण 'हारु'तला 'रु'. इथे तेराओची अंगठी कामी येते. 'वा'वरून आनझेन चिताइचं 'वाइन रेद्दो नो कोकोरो' (१९८३). 'रो'वरून हिरोसे कोमीचं 'रोमान्सु नो कामिसामा' (१९९३), स्कीइंगच्या सामानाच्या दुकानाच्या जाहिरातीतलं. ते भर उन्हाळ्यात गायलं तरी खोलीत बर्फ पडतो.

'मा' घेऊन सदर्न ऑल स्टार्सचं 'मानात्सु नो काजित्सु' (१९९०), ऐन उन्हाळ्यातलं फळ. आणि 'त्सु'वर साहेब पुन्हा उभे राहतात, कारण 'त्सु' म्हटला की 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकि' (१९७७). इशिकावा सायुरीचं हे एन्का, म्हणजे जुन्या ढंगाचं भावगीत, त्सुगारुच्या सामुद्रधुनीवरच्या हिवाळ्याचं आहे. आओमोरीला आगगाडीतून उतरून बोटीने होक्काइदोला जायचं, तो प्रवास त्यात आहे. १९८८मध्ये समुद्राखालून सेइकान बोगदा सुरू झाला आणि ती बोट बंद पडली. एप्रिलमध्ये लागलेल्या पोराने ती बोट पाहिलेली नाही. पण साहेब गाताना ते ऐकतं, कारण आता 'कि' त्याला शोधायचा आहे. त्याच्याकडे काहीच नसतं. शेवटी पाटीवर 'कि' टोचून, चाल अर्धीमुर्धी माहीत असलेलं मियाको हारुमीचं 'किता नो यादो कारा' (१९७५) ते लावतं आणि साहेब मधेच सूर धरतात. 'रा' आला की बाईंना 'तोक्यो लव्ह स्टोरी' मालिका आठवते आणि तिचं 'राबु सुतोरी वा तोत्सुझेन नि' (१९९१). 'नि'वर आयाकाचं 'निजीइरो' (२०१४). पुन्हा 'रो'. सर्वांच्या मनात एकच नाव, 'रोबिन्सन', आणि सर्व जण ओठ आवळून बसलेले.

या साखळीत सत्तरेक वर्षांची गाणी आली. कुणी ती ठरवली नव्हती. मोकळं सोडलं असतं तर साहेबांनी एन्का गायलं असतं, पोराने योनेझु, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या गाण्याच्या वेळी पाटीत डोकं घातलं असतं. जपानी कराओकेत प्रत्येकाचं एक हातखंडा गाणं असतं, त्याला 'ओहाको' म्हणतात. वरिष्ठाचं ओहाको आपण आधी गाणं हे उद्धटपणाचं मानलं जातं. नव्या माणसाला तर आधी विचारून घ्यावं लागतं की साहेबांचं गाणं कोणतं, म्हणजे ते चुकूनही लागू नये. खेळ हा जाच एका फटक्यात काढून टाकतो. 'त्सु' आला, दुसरं काही सुचलं नाही, म्हणून तुमचं गाणं लावलं. दोष अक्षराचा. मला वाटतं, हा खेळ टिकला तो या सबबीमुळे. एरवी ज्याची शरम वाटेल ते गाणं, बालपणीचं कार्टूनचं, मोडक्या प्रेमाचं, फार जुनं, फार बाळबोध, ते सगळं अक्षराच्या आडून गाता येतं.

भांडणं अर्थात होतात आणि बहुतेक ती आधी नियम न ठरवल्याने. 'दे'ला 'ते' चालेल का, 'बा'ला 'हा'? लांबवलेला स्वर कसा मोजायचा? स्पित्झचं 'चेरी' (१९९६) 'रि'वर संपतं की लांबलेल्या 'इ'वर? बहुतेक मंडळी 'रि' घेतात, काही 'इ'. आझुसा मिचियोचं १९७४चं 'फुतारि दे ओसाके ओ' कर्माच्या प्रत्ययावर थांबतं. लिहिताना त्याचं अक्षर वेगळं आणि त्या अक्षराने काहीच सुरू होत नाही, म्हणून उच्चाराला मान देऊन साधा 'ओ' धरतात. इनोउए योसुइचं 'युमे नो नाका ए' (१९७३) लिहिताना 'हे', म्हणताना 'ए'. इथे खोलीत हमखास दोन तट पडतात. अँजेला आकीच्या 'तेगामि'ला (२००८) मागे उपशीर्षक जोडलेलं आहे. ते मोजलं तर अक्षर वेगळं, न मोजलं तर 'मि'. आणि चिनी चित्राक्षरांचं वाचन हा तर वकिलीचाच विषय. यामागुचि मोमोएच्या १९७७च्या एका गाण्याचं नाव 'शरद' आणि 'साकुरा' अशा दोन चित्राक्षरांनी लिहिलेलं आहे. अजाण माणूस ते 'रा'वर संपतं असं समजेल. वाचायचं असतं 'कोसुमोसु', कॉसमॉसचं फूल. म्हणजे अक्षर 'सु'. सादा मासाशीने लिहिलेल्या या गाण्यानेच ते वाचन सर्वतोमुखी केलं. अशा वादात पाटी पंच होते, कारण गाणं शोधायला ते उच्चाराप्रमाणे टोचावं लागतं.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटपासून गल्लीतल्या खासगी वर्गांपर्यंत जपानी शिकणारी मुलं आहेत, आणि त्यातली बरीच पुढे नोकरीला तिकडे जातात. त्यांच्याजवळचा साठा ॲनिमेचा असतो. 'इव्हँगेलियन'चं 'झान्कोकु ना तेन्शि नो तेझे' (१९९५), 'डेमन स्लेयर'चं 'गुरेन्गे' (२०१९). खोलीत ही गाणी धमाल करतात, पण शिरितोरीत अडकतात. पहिल्याची सुरुवात 'झा', शेवट 'झे'. दुसऱ्याची 'गु' आणि 'गे'. ही घोष अक्षरं वाट्याला क्वचित येतात आणि सवलत नसली तर पुढच्याची पंचाईत करतात. त्यांच्यासाठी मी वेगळी निवड सुचवेन. 'मो'साठी 'मोनोनोके हिमे' (१९९७), ते 'मे'वर सोडतं आणि 'मे'ला गोल्डन बॉम्बरचं 'मेमेशिकुते' आहे, उड्या मारत गायचं. 'का'साठी मिसोरा हिबारीचं 'कावा नो नागारे नो यो नि'; ते १९८९च्या जानेवारीत निघालं आणि त्याच जूनमध्ये ती गेली, त्यामुळे कुठल्याही वयाचा माणूस ऐकायला थांबतो. 'ता'साठी मात्र स्वतःच काहीतरी शोधावं, 'उता' म्हणजे गाणं हा शब्द इतक्या नावांच्या शेवटी बसला आहे की 'ता' वारंवार येणार.

आणि 'उ' आला तर सोनंच. साकामोतो क्यूचं १९६१चं 'उए ओ मुइते आरुको' 'सुकियाकी' या भलत्याच नावाने अमेरिकेत गेलं आणि १९६३मध्ये बिलबोर्डवर पहिलं आलं. चाल सोपी, शब्द शिकाऊ माणसालाही कळणारे, आणि लिहिल्याप्रमाणे मोजलं तर 'उ'ने सुरू होऊन 'उ'वरच संपणारं. ते लावायचं, खोलीकडून शीळ घालून घ्यायची आणि तोच 'उ' शेजाऱ्याकडे सरकवून बसायचं. शेजारी तरुण असेल तर आदोचं 'उस्सेए वा' लावेल. आदोला अठरा वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस बाकी असताना, २०२०च्या ऑक्टोबरमध्ये, ते आलं, आणि नावातच 'गप्प बसा रे' म्हणून दटावतं. त्याचा शेवट 'वा'. वाइन गाऊन झाली असेल तर आता पाटी हातात घ्या आणि अगदी शेवटच्या ओळीवर या, 'न्'च्या जरा अलीकडे.